फुटलेली काच आणि आतली अमानत

मोबाईलची काच फुटली की आपल्याकडे घरात पहिला प्रश्न येतो, "कोणी पाडल्यान?" फोन चालतोय का, कुणाच्या बोटाला काच लागली का, हे प्रश्न मागाहून. मग ठरलेली उत्तरं सुरू होतात. धाकटा म्हणतो ताईने दिला, ताई म्हणते मी तर पलंगावर ठेवला होता, आणि नातवंडांना पाठीशी घालणारी दादी सांगते की फोन आपसुकच पडलो.

फोन पडायला आमच्या मालवण किनाऱ्यावर जागांची कमी नाही. चिऱ्याच्या पायऱ्या आहेत, विहिरीचा काठ आहे, जेटीचं काँक्रीट आहे, होडीची फळी आहे. पूर्वीच्या सारवलेल्या खळ्यात पडलेली वस्तू निदान अर्ध्या वेळा तरी वाचायची. आता पडवीपासून न्हाणीपर्यंत सगळीकडे टाइल्स. तेव्हा फोन पडणार, हे गृहीत धरूनच बोललेलं बरं. आम्हाला बोलायचं आहे ते पडल्यानंतरच्या दिवसांबद्दल, कारण खरं नुकसान त्या दिवसांत होतं.

"कोणी पाडल्यान" या प्रश्नाची धास्ती फार असते. मुलगा फोन पालथा ठेवून गुपचूप निजायला जातो. सुनेचा फोन नवऱ्याने दोह्याहून किंवा कुवेतहून पाठवलेला असतो. ती तडा पदराआड ठेवते, व्हिडिओवर बोलताना फोन कोनात धरते आणि महिनाभर कुणाला सांगत नाही. तोवर तडा कोपऱ्यातून मधोमध येतो, त्यात पावसाळी दमट हवा शिरते आणि एका सकाळी बोट फिरवलं तरी काही हलत नाही. आत बोटिम किंवा आयमोवरची रोजची बोलणी, बँकेचा ओटीपी, मुलाच्या शाळेचा ग्रुप, सगळं बंद. जे काम पहिल्या दिवशी दहा मिनिटांत झालं असतं, आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घेण्याचं, ते आता होईलच अशी खात्री उरत नाही. काच फुटण्याने झालं त्यापेक्षा जास्त नुकसान लपवण्याने झालं, आणि लपवायला लावलं ते त्या पहिल्या प्रश्नाने.

सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या एका पत्नीच्या घरी होते. दुसऱ्या पत्नीच्या घरून खादिमाच्या हाती थाळीभर जेवण आलं. ज्यांच्या घरी ते होते त्यांनी रागाच्या भरात खादिमाच्या हातावर फटका मारला, थाळी खाली पडली आणि फुटली. समोर माणसं होती. प्रेषितांनी (स.) आवाज चढवला नाही. त्यांनी तुकडे वेचले, सांडलेलं अन्न गोळा केलं, एका वाक्यात प्रसंग हलका केला, खादिमाला थांबवून घेतलं आणि त्या घरातली अखंड थाळी त्याच्या हाती परत पाठवली. फुटकी थाळी मात्र जिथे फुटली त्याच घरात राहिली. या प्रसंगात आम्हाला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी तुकडे, म्हणजे कुणाला इजा होऊ नये. मग माणसाची लाज राखणं. आणि मग भरपाई. भरपाई टाळलेली नाही, हेही ध्यानात घ्यावं. आपल्या मुलाने शेजाऱ्याचा फोन पाडला तर "पोरगंच आहे" म्हणून हसून सोडता येत नाही. दुरुस्तीचा खर्च आपल्याकडे येतो. पण घरातल्या घरात पहिला शब्द वेगळा असू शकतो: "लागलं नाही ना? आण बघू."

आणला, की नीट बघावा. पुष्कळदा वरची शंभर-दीडशे रुपयांची टेम्पर्ड काचच फुटलेली असते आणि घरभर मात्र आकांत झालेला असतो. एका कडेने हळूहळू ती सोलून काढावी, मऊ कापडाने पुसावं आणि नखाने चाचपावं. खालचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर अल्हम्दुलिल्लाह, नवी टेम्पर्ड लावून कामाला लागा. नख अडकलं तर फोनची स्वतःची काच गेली. चित्र स्वच्छ आहे आणि बोटाला फोन साथ देतोय, तर निदान आतला पडदा वाचला आहे. शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसत असेल, हिरव्या-जांभळ्या रेघा उभ्या राहिल्या असतील, तर पडदा गेला. तो डाग बहुधा पसरतच जातो. आणि फोन आपल्या मनाने ॲप उघडू लागला, नंबर लावू लागला, तर टच बिघडला. हा तिसरा प्रकार दिसायला गमतीचा पण सर्वांत त्रासाचा. फोन स्वतःच चुकीचा पिन दाबत राहतो आणि शेवटी लॉक होऊन बसतो. असं दिसताच फोन बंद करावा, सिमकार्ड काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालावं. ओटीपी त्या सिमवर येतात, फोनवर नव्हे. एवढं केलं तरी निम्मी घबराट कमी होते.

तडा गेलेल्या काचेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावावी. दिसायला वाईट दिसते, पण दोन कामं करते. काचेचा चुरा बोटात जात नाही, आणि ओल काही काळ बाहेर राहते. घरात रांगतं मूल असेल, किंवा त्याच हाताने पीठ मळायचं असेल, तर हे आजच करायचं काम आहे.

थोडं काचेबद्दल. "दहा वेळा पडला तेव्हा काही झालं नाही, आणि आता मांडीवरून घसरला तर फुटला!" असं सगळेच म्हणतात, आणि ते खरंही असतं. काच वाळूपासून होते. आपल्याच जिल्ह्यात, कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत. काचेचा मूळ माल तो हाच. फोनची काच मात्र साधी नसते. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याच्यासाठी अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने कणखर काच पुरवली. पुढे गोरिला ग्लास या नावाने ती घराघरांत पोहोचली. या काचेला मिठाच्या न्हाणातून काढतात. मीठ आपल्या खाण्यातलं नव्हे, पोटॅशियमचं, आणि सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेलं. त्या न्हाणात काचेतले सोडियमचे बारीक कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसून बसतात. मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या एसटीत दोघांच्या बाकावर तीन दांडगे बसले की कसे घट्ट दाटतात, तसा काचेचा वरचा थर दाटून जातो. तडा जायचा तर आधी हा दाटलेला थर फाकवावा लागतो, म्हणून ती सहज फुटत नाही.

पण हा थर फारच पातळ असतो, आणि त्याचा वैरी आपल्या दारात पसरलेला आहे. समुद्राच्या वाळूत गारगोटीचे कण असतात, ते काचेहून कठीण. तारकर्लीला किंवा चिवल्याच्या किनाऱ्यावर फिरून आलं की खिशात वाळू येतेच. त्याच खिशात फोन. रोज थोडे थोडे ओरखडे पडतात, एखादा खोल जातो, आणि मग दाटलेल्या थराला खिंडार पडतं. पुढच्या वेळी फोन कोपऱ्यावर पडला, सगळा भार एका टोकावर आला, की काच तिथून उकलते. म्हणजे काच फुटते एका दिवशी, पण तिची तयारी बरेच दिवस चाललेली असते. फोनचा खिसा वेगळा ठेवा, किनाऱ्यावरून आल्यावर कापडाने घासण्याआधी वाळू फुंकून किंवा झटकून टाका. बुटांतली वाळू झटकतो, तसंच.

खाऱ्या हवेचं वेगळंच. आमच्याकडे लोखंडी गज, सायकलची साखळी, पत्र्याचे खिळे किती दिवसांत तांबूस होतात हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. तड्यातून असं खारं पाणी आत गेलं की सर्किटवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते, आणि काच बदलून आणल्यावर चार महिन्यांनी फोन "उगाचच" मरतो. उगाच नसतो मरत. पुण्या-नाशकात लोक फुटक्या काचेने वर्ष काढतात, त्यांचं ऐकून मालवणात, देवगडात तसं करू नये. मासेमारीला जाणाऱ्यांनी तर तडा गेलेला फोन होडीत नेऊच नये, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा. फोन पाणी सोसतो असं डब्यावर लिहिलेलं असतं ते अखंड काचेबद्दल. दुकानात काच बदलल्यावरही ती पूर्वीची पाणबंद चिकट कड तशीच बसेल याची हमी नसते.

आणि तांदळाच्या डब्यात फोन पुरायचं आता थांबवा. ॲपलने २०२४ साली आपल्या ग्राहकांना स्पष्टच सांगितलं की तांदळाचे बारीक कण आत जाऊन बिघाड करतात. आमच्या दादी-नानींचा तांदळावर फार भरवसा, आणि तांदूळही घरचा. पण त्याचा उपयोग खाण्यासाठीच बरा. ओला फोन बंद करून, सिमचा कप्पा उघडून, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. चार्जिंगला लावू नये.

आता मुख्य गोष्ट. फुटलेली काच पैशांनी मिळते. तिच्यामागे जे आहे ते मिळत नाही, आणि त्यातलं बरंचसं आपलं एकट्याचं नसतं. नणंदेच्या मेहंदीचे फोटो त्या फोनमध्ये आहेत. घरातल्या बायकांनी ते घरातच राहतील या भरवशावर काढू दिले होते. भावाचा पासपोर्ट आणि इकामा, अब्बांचं आधार, डॉक्टरांचे कागद, कुणी विश्वासाने लिहिलेला एखादा मेसेज, या जगातून गेलेल्या माणसाचा आवाज. हे सगळं अमानत आहे. अमानत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दागिन्यांचा डबा किंवा कुणी सांभाळायला दिलेली रक्कम येते. आजच्या घरात सर्वांत मोठी अमानत बहुधा उशाजवळ चार्जिंगला लावलेली असते.

म्हणून दुरुस्तीच्या आधी आतलं उतरवून घ्यावं. चित्र दिसतंय पण बोट चालत नाही, असा फोन निकामी समजू नका. संगणकाचा साधा वायरचा माऊस आणि ओटीजीचा छोटा जोड, एवढ्यावर काम होतं. फोनच्या चार्जिंगच्या जागी तो जोड लावा, त्यात माऊस घाला. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर पडद्यावर बाण दिसू लागतो आणि टिचकी मारून सगळं उघडता येतं. काही कंपन्यांच्या फोनांत ओटीजी आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. ते आज, काच धड असताना, करून ठेवलं तर उद्या कामाला येईल. फोटो मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, नंबर गूगलच्या खात्यात जाऊ द्या. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो, आणि आता तो गूगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबी जागेतच मोजला जातो. जागा भरली असेल तर बॅकअप होत नाही आणि आपल्याला वाटतं झाला. लग्नाचे लांबलचक व्हिडिओ आणि "गुड मॉर्निंग"चे फोटो काढून टाकले की बहुतेक घरांत पुष्कळ जागा निघते.

फोन दुकानात द्यायची वेळ येते तेव्हा हीच अमानत आपण काउंटरवर ठेवत असतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासण्यासाठी काही लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत दिले आणि नंतर आतल्या नोंदी पाहिल्या. सहा ठिकाणी कामाशी संबंध नसलेल्या खासगी गोष्टी उघडून पाहिलेल्या होत्या, दोन ठिकाणी तर त्यांची नक्कलही काढलेली होती. बाईमाणसाचा लॅपटॉप असेल तर हे जास्त घडलं. कॅनडात घडतं ते आपल्याकडे घडणारच नाही असं समजायला काही आधार नाही.

पण याचा अर्थ दुकानदारावर संशय घेत उभं राहावं असा नाही. काच किंवा डिस्प्ले बदलायला फोनचा पिन लागत नाही. टच तपासायला लागतो म्हणतात. तर आपण तिथे थांबावं आणि आपल्या हाताने उघडून दाखवावं. पिन कागदावर लिहून फोनच्या पाठीला चिकटवून येणं, ही आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट, अजिबात करू नये. सॅमसंगच्या अनेक फोनांत मेंटेनन्स मोड आहे आणि गूगलच्या पिक्सेलमध्ये रिपेअर मोड. तो चालू केला की दुरुस्त करणाऱ्याला फोन चालवून बघता येतो, पण आपले फोटो आणि मेसेज त्याला दिसत नाहीत. टच चालत असेल तर ही सोय जरूर वापरा. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावं. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून येणारा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवावा. तोच क्रमांक फोनच्या डब्यावरही असतो. आईचा किंवा बहिणीचा फोन असेल तर तिला विचारल्याशिवाय, तिने आतलं आवरल्याशिवाय, घरातल्या पोराने तो उचलून बाजारात नेऊ नये. फोन कुणी घेऊन दिला यावरून आतल्या गोष्टींची मालकी ठरत नाही.

आता दुकानातला सौदा. आपल्याकडे संपूर्ण डिस्प्लेला "फोल्डर" किंवा "कॉम्बो" म्हणतात, कारण आजकाल काच, टच आणि पडदा एकमेकांना चिकटवूनच येतात. पडदा धड असेल तर नुसती वरची काच बदलून देणारे कारागीरही आहेत. काम नाजूक, यंत्र लागतं, आणि कधी कधी पडदा त्यातच जातो. तो गेला तर खर्च कुणाचा, हे आधी बोलून घ्यावं. महाग फोनचा मूळ डिस्प्ले फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, कधी त्याहून वर जातो. मग दुकानदार स्वस्त पर्याय सांगतो. स्वस्त पर्यायात चूक काही नाही, पण तो काय आहे हे कळलं पाहिजे. मूळ पडदा ओएलईडीचा असेल आणि त्याजागी साधी एलसीडीची कॉपी बसवली तर रंग उतरतात, बॅटरी लवकर संपते, काचेखाली बोट टेकवून उघडायची सोय बहुधा बंद पडते, आणि भर दुपारी होडीवर काही दिसत नाही. "ओरिजिनल आहे" एवढ्या शब्दावर न राहता बिलावर माल कोणता आणि हमी किती दिवसांची ते लिहून घ्यावं. जुना फुटका डिस्प्ले परत मागावा. पडदा चालू असलेल्या फुटक्या डिस्प्लेलाही बाजारात किंमत असते; तो दुकानातच ठेवायचा असेल तर तेवढे पैसे बिलातून कमी व्हायला हवेत. हे फार थोड्यांना माहीत असतं.

कंपनीचं अधिकृत केंद्र प्रत्येक गावात नसतं. मालवण, आचरा, खारेपाटणच्या माणसाला कुडाळ-कणकवलीपर्यंत, आणि काही कंपन्यांसाठी घाट चढून कोल्हापूरला जावं लागतं. जाण्याआधी भाव घरबसल्या कळू शकतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. कंपन्यांची सेवाकेंद्रं आणि सुट्या भागांची माहिती एका जागी मिळावी हा त्यामागचा हेतू. काही कंपन्या डिस्प्लेची किंमत आपल्या संकेतस्थळावरही देतात. आधी बघून गेलेला माणूस दुकानात वेगळ्याच आवाजात बोलतो.

वॉरंटीत पडून फुटलेली काच येत नाही. खरेदीच्या वेळी ज्या जादा "स्क्रीन प्रोटेक्शन" योजना विकल्या जातात त्यांत येते, पण अटी वाचून: किती वेळा, किती महिन्यांत, आणि दर वेळी आपल्या खिशातून किती. अशी योजना घेणं शरियतच्या दृष्टीने कसं, असं आम्हाला विचारणाऱ्यांना आम्ही एवढंच म्हणतो की योजनेचा कागद घेऊन जाणत्या आलिमांकडे जावं. कागद न दाखवता विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळत नाही. दुरुस्तीत फसवणूक झाली, हमी नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. बिल मात्र हवं. बिल न घेता दोनशे रुपये वाचवणारे पुढे हात चोळत बसतात.

दुरुस्ती करायची की नवाच घ्यायचा, यावर घरोघरी वाद. नवा घेण्याची घाई आम्हाला पटत नाही. प्रेषितांचा (स.) पाणी पिण्याचा पेला हजरत अनस (रजि.) यांच्याकडे होता, त्याला तडा गेला होता आणि तो चांदीने सांधलेला होता, हे बुखारीतच आलं आहे. सांधलेली वस्तू वापरण्यात कमीपणा कसला? आपल्या किनाऱ्यावर तर पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा माणसं बसून जाळी दुरुस्त करतात; फाटलं म्हणून कुणी जाळं समुद्रात टाकत नाही. फोन चालतोय, कंपनीकडून त्याला सुरक्षेचे अपडेट येताहेत, तर डिस्प्ले बदलून आणखी दोन वर्षं काढणं हा शहाणपणा आहे. हप्त्यावर आणि व्याजावर नवा फोन उचलून जुना फुटका कपाटात फेकणं, याला इस्राफ म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? मात्र अपडेट बंद झालेल्या जुन्या फोनवर मोठा खर्च करून त्यावरच बँकेचे व्यवहार चालू ठेवणं, हेही बरं नाही. तिथे हिशेब उलटा.

हा दुरुस्तीचा धंदा करणारी आपल्या समाजातली मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्यातले काहीजण हे पान वाचतात, म्हणून दोन शब्द त्यांच्याशी. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतली ओल बाहेर काढली आणि ती ओल वर का ठेवली नाही, असं त्या विक्रेत्याला विचारलं, हे तुम्ही लहानपणी मदरशात ऐकलेलं असेल. डिस्प्ले बदललेला जुना फोन विकताना "कधी उघडलाच नाही" म्हणणं ही तीच ओल. कॉपी लावलीय तर कॉपी सांगा. गिऱ्हाईक दोन रुपये कमी देईल, पण आपल्या बहिणीचा फोन तुमच्याकडेच घेऊन येईल. या धंद्यात कारागिरी बरेच जण शिकतात. ज्याच्याकडे बाई निर्धास्तपणे फोन ठेवून जाते, असं दुकान गावात एखादंच असतं, आणि ते कुठलं हे सगळ्या बायकांना माहीत असतं.

राहिला कपाटातला जुना फोन. जवळजवळ प्रत्येक घरात एक असतो, काळी पडलेली काच, कुणाच्या तरी लग्नात घेतलेला. तो भंगारवाल्याच्या टोपलीत टाकण्याआधी आतलं पुसलं पाहिजे, आणि पडदा मेला असला तरी ते जमतं. फोन चार्ज करा, घरच्या वायफायला किंवा इंटरनेटला जोडला जातोय का पाहा. त्यात ज्या गूगल खात्याची नोंद आहे ते खातं दुसऱ्या फोनवर उघडा आणि हरवलेला फोन शोधायच्या गूगलच्या सोयीत जा. यादीत तो जुना फोन दिसला तर तिथून त्यातलं सगळं पुसून टाकता येतं. पाठ फुगलेली दिसली तर बॅटरी फुगली आहे; तो चार्जिंगला लावू नका, दाबू नका, चुलीत किंवा विहिरीत तर मुळीच टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुन्या फोनची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे. नवीन डिस्प्ले बसवायला कंपनीच्या केंद्रात कुडाळला जाणारच असाल, तर कपाटातला तो जुना फोनही पिशवीत घाला आणि तिथे घेतात का ते विचारा.